भिंतीच्या वरच्या ओळी

ताई : सहा वाजता वाइनची बादली उघडली. चाखली, थुंकली, पुन्हा चाखली. स्वच्छ आहे. चांगली बातमी सांगायला तुला उठवलं, तर तू सुतकी चेहरा करून उभा!

धाकटा : मीही चाखली ना आत्ता. तुझ्याच ग्लासातून.

ताई : मग?

धाकटा : राख आहे, ताई.

ताई : काय आहे?

धाकटा : राख. आधी नाही लागत. आधी काळं फळ, मग मिरी, मग तुझा तो लाडका तुरटपणा. गिळली, जरा थांबलो, आणि मागून आली. विझलेल्या शेकोटीत जीभ घातल्यासारखी.

ताई : रात्री सिगारेट ओढली असशील.

धाकटा : लग्नानंतर हात लावला नाही. विचार तुझ्या भावजयीला.

ताई : मग दात घासले नसशील. हे बघ बारक्या, वेली तू सांभाळतोस, तळघर मी. तुझी छाटणी चुकली असं मी कधी म्हटलंय?

धाकटा : दर वर्षी म्हणतेस.

ताई : म्हणते, पण कात्री काढून घेत नाही. अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या तळघरांत या जिभेवर पोट भरलंय मी. धूर बसलेली वाइन मला कळणार नाही?

धाकटा : तेच तर मला समजत नाहीये. एवढी ढळढळीत आहे, आणि तुला लागत नाही.

मुकादम : आत येऊ का, ताई? तोडणीची माणसं फाटकाशी उभी आहेत. कात्र्या गार, पाय गार, थर्मासमधला चहासुद्धा गार. कुठून लागायचं तेवढं सांगा.

ताई : या मावशी. पाच मिनिटं.

मुकादम : तुमची पाच मिनिटं मला माहीत आहेत. पलीकडच्या टेकडीचे मालक आठला ट्रॅक्टर पाठवतायत. इथे काम नसेल तर टोळी घेऊन मी तिकडे. शब्द दिलाय त्यांना.

ताई : काम आहे. शाईच्या वेलींचा सगळा तुकडा आज उतरवायचा. उद्या दुपारनंतर पाऊस सांगितलाय, आणि शाईचे घड मुठीसारखे आवळलेले असतात. एकदा आत पाणी गेलं की कुजलेच.

धाकटा : मावशी, थांबा. अजून काही ठरलेलं नाही.

ताई : ठरलंय.

धाकटा : तोडून काय करणार? एका टाकीत ओतून आठवडाभर सालासकट आंबवणार. म्हणजे राखेचा काढा.

मुकादम : कसली राख? आग विझून आठवडा व्हायला आला की.

धाकटा : डोंगरापलीकडचं रान पेटलं तेव्हा इथे तीन रात्री धूर होता ना? तो द्राक्षाच्या सालात बसतो. मणी तोंडात टाकला तर गोडाखाली कळत नाही, आंबवल्यावर डोकं वर काढतो. म्हणून आग विझल्यावर थोडे घड तोडून त्या निळ्या बादलीत आंबवून बघितले. ताई म्हणते स्वच्छ आहे. मी म्हणतो राख आहे.

मुकादम : मग यात काय एवढं? चाखायचं काम ताईंचं.

ताई : ऐकलंस?

धाकटा : ऐकलं. प्रयोगशाळेचं काय म्हणणं आहे?

ताई : शुक्रवारी. आजूबाजूच्या सगळ्या बागांचे नमुने त्यांच्याकडे जाऊन पडलेत. आपला नंबर शुक्रवारी. तोपर्यंत पाऊस पडून जाईल.

धाकटा : म्हणजे आज तुझी जीभ नाहीतर माझी.

ताई : तुला राख लागायलाच हवी ना.

धाकटा : म्हणजे?

ताई : म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे.

धाकटा : नाही, बोल. मावशींसमोर बोल. त्यांना आपल्या घरातलं काय माहीत नाही?

मुकादम : मला काही ऐकू येत नाही. मी बाहेर ट्रॅक्टर ऐकतेय.

ताई : बोलते. यंदा शाई आपल्या नावाच्या बाटलीत गेली नाही, तर हिवाळ्यात करवत. ठरलंय ना आपलं? बाबा गेल्यापासून त्या तुकड्यावर तुझा डोळा आहे. वेलींची डोकी उडवायची आणि वर अशी कलमं बांधायची की दुकानात पोरंसोरंसुद्धा त्या जातीचं नाव घेऊन मागतील. टाकी राखेची निघाली की तुझं काम झालं.

धाकटा : डोळा आहेच. लपवलाय कुठे? शाईला विचारतं कोण? बाबांनी जन्मभर टँकरनं दिली. लोकांनी आपल्या पाणचट वाइनला रंग यावा म्हणून ओतली. बाटलीवर कधी हिचं नाव नाही. नाव तरी कुठंय! हात माखतात म्हणून शाई.

ताई : तन्नात द्राक्षाला कोण विचारत होतं? सापेरावीला? तिचाही गर हिच्यासारखाच लाल. त्यांच्या मुलखातल्या चार घरांनी पिढ्यान्‌पिढ्या प्यायली, बाकी जगाला पत्ता नव्हता. आज लोक शोधून शोधून मागवतात.

धाकटा : झालं, हिची नावं सुरू झाली.

मुकादम : मला ही नावं कळत नाहीत. मला आठ वाजलेले कळतात.

ताई : मावशी, तुम्हीच सांगा, दुसरी कुठली जात त्या उतारावर उभी राहिली असती? पायाखाली माती नाही, नुसत्या पाटीच्या दगडाच्या कपच्या. दिवसा तापतात, रात्री खिंडीतून वारा असा येतो की शाल घ्यावी लागते. मुळं दगडाच्या फटीत पाणी शोधत जातात, म्हणून मणी वाटाण्याएवढा, आणि रस काय दाट! सगळ्यात शेवटी पिकते. बाकीच्यांच्या टाक्या धुऊन होतात तेव्हा हिच्या बिया हिरव्या असतात.

धाकटा : म्हणूनच सापडली. बाकी सगळं आगीआधी तळघरात आलं होतं. ही महाराणी वर उन्हं खात बसली, आणि धूर आला.

ताई : तिनं वाट बघितली तो तिचा गुन्हा?

धाकटा : गुन्हा कोणाचाच नाही. मी उपाय सांगतोय तो ऐक. तोड, लगेच दाब, साल बाजूला. गर लाल आहे, रंग आपोआप येईल. धूर सालाबरोबर जाईल, बराचसा. हलकी, गार प्यायची वाइन होईल. बाटलीत जाईल, नाव पण लाव.

ताई : त्याला लाल सरबत म्हणतात.

धाकटा : खपेल.

ताई : खपेल! शाई म्हणजे साल आहे, बारक्या. पहिल्या घोटाला दात आवळले पाहिजेत. सालाशिवाय शाई करायची तर तू करवतच आण, मी वेल धरते.

मुकादम : तुम्ही दोघं असंच भांडणार असाल तर मी माणसांना बसायला तरी सांगते.

धाकटा : भांडण मिटवू. ताई, आगीच्या आधी साखर बघायला तू घड तोडले होतेस, ते पांढऱ्या बादलीत आंबवलेस ना? तीच जात, तोच उतार, धुराशिवाय. आहे अजून?

ताई : आहे.

धाकटा : तीन ग्लास घे. कुठली बादली कुठल्या ग्लासात ते मावशी ठरवतील. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. ओळखलं तर माझं ऐक. चुकलो तर तोडणी तुझ्या मनासारखी, आणि जन्मात पुन्हा राखेचं नाव काढणार नाही.

ताई : मावशी, ग्लास धुऊन घ्या त्या नळाखाली.

मुकादम : म्हातारपणी ही पण नोकरी. हं. फिरा दादा तिकडे. ताई, तुम्ही पण फिरा.

ताई : मी कशाला?

मुकादम : तुमच्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं. फिरा. झालं. हा घ्या पहिला.

धाकटा : … काही नाही. स्वच्छ.

मुकादम : दुसरा.

धाकटा : … थांबा. घाई करू नका, ती उशिरा येते. आली. राख.

मुकादम : तिसरा.

धाकटा : थोडं पाणी द्या. … हा स्वच्छ. वाटतं. दुसऱ्याची चव रेंगाळतेय, पण हा स्वच्छ.

मुकादम : बरोबर. दुसराच निळ्या बादलीतला.

ताई : नशीब. पुन्हा करा.

मुकादम : ट्रॅक्टर येईल, ताई.

ताई : येऊ दे. पुन्हा.

धाकटा : ताई, मला प्रत्येक घोटाबरोबर जड जातंय. तोंडात सगळं काळं झालंय.

ताई : आता मागे हटतोस?

धाकटा : हटत नाही. ओता, मावशी.

मुकादम : पहिला.

धाकटा : … राख.

मुकादम : दुसरा.

धाकटा : … राख. हा पण. पहिल्याची नाही, ह्याची स्वतःची.

मुकादम : आणि हा.

धाकटा : हा नाही. हा त्या दोघांसारखा नाही. पण आता मला कागद दिला तरी राखच लागेल.

मुकादम : देवा. दोन निळे, एक पांढरा. तिन्ही बरोबर.

ताई : मला द्या.

धाकटा : राहू दे ना.

ताई : मला द्या म्हटलं. मावशी, ओता. फिरले मी.

मुकादम : घ्या. … दुसरा. … हा शेवटचा.

ताई : पहिल्यात आंबटपणा जरा कोवळा आहे, बाकी सगळं जागच्या जागी. दुसरा भरलेला. तिसरा… तिसऱ्यात मागे काहीतरी धुरकट आहे. तिसरा निळा.

मुकादम : ताई…

ताई : सांगा.

मुकादम : तिसरा पांढरा होता. पहिले दोन निळे.

धाकटा : बसतेस का जरा?

ताई : नाही.

धाकटा : चुकतं माणूस. सकाळपासून तू—

ताई : चुकले नाही. चुकायला आधी काहीतरी लागावं लागतं. मला काही लागलंच नाही, म्हणून अंदाज मारला. शिकताना सांगितलं होतं आम्हाला. धुराचा तो अंश साखरेला बांधलेला असतो. तोंडात थुंकीनं ती गाठ सुटते, मग चव येते. चारपाच माणसांत एखाद्याच्या तोंडात सुटतच नाही. वर्गात सगळे एकमेकांकडे बघून हसले होते. मी सगळ्यात मोठ्यानं.

धाकटा : बाकी सगळं तुला कळतंच ना.

ताई : बाकी सगळ्याला आज कोण विचारतंय!

मुकादम : मग काय करू? माणसं घेऊन जाऊ?

धाकटा : ताई?

ताई : घेऊन जा. नाही… थांबा. हे निळ्या बादलीतले घड कुठल्या ओळींतले?

धाकटा : फाटकाजवळचे. मीच तोडले. बाबांची पद्धत. नमुना नेहमी फाटकाशी.

ताई : का?

धाकटा : का म्हणजे? खाली माती खोल, गारठा जास्त, तिथे सगळ्यात उशिरा पिकतं. तिथलं तयार तर वरचं तयारच.

ताई : हे साखरेचं झालं. धुराचं काय? तीन रात्री मी इथे टाक्यांपाशी होते, मी बाहेर बघितलंच नाही. तू बघितलंस. धूर कुठे होता?

धाकटा : खाली. गार हवेबरोबर उतरायचा आणि खोलगटात तुंबायचा. सकाळी गच्चीवरून बघायचो तर मधल्या दगडी भिंतीपर्यंत पांढरी चादर, आणि तिच्यावरचे वेल उन्हात. खिंडीतला वारा वर काही ठरू देत नाही.

ताई : हे तू आत्ता सांगतोयस?

धाकटा : तू विचारलंस आत्ता! सहापासून मी खोटारडा आहे हेच ऐकतोय.

ताई : तिन्ही रात्री भिंतीच्या खालीच होता?

धाकटा : दोन रात्री नक्की. तिसऱ्या रात्री मी इथे नव्हतो. आगीच्या रेषेवर गवत कापायला गेलो होतो.

मुकादम : आम्ही पण तिकडेच होतो. त्या रात्री वारा पडला होता, एवढं आठवतं. धूर सरळ उभा राहायचा.

ताई : म्हणजे भिंतीच्या वरही चढला असेल. किती, ते कोणालाच माहीत नाही.

धाकटा : आणि आंबवून बघायला दिवस नाहीत.

ताई : आंबवायची गरज नाही. गर थुंकून टाकायचा, नुसती साल चघळायची, थुंकीत घोळवायची आणि थांबायचं. ती गाठ तोंडातच सुटायची आहे ना? तर तोंडातच सुटेल. ज्याच्या सुटते त्याच्या.

धाकटा : माझ्या.

ताई : तुझ्या. चल वर. आत्ता.

धाकटा : आत्ता काय चल? आत्ताच तुझ्या हट्टापायी दोन फेऱ्या केल्या ना? माझ्या तोंडात सगळं रान जळतंय. आत्ता मला तुझी सगळ्यात वरची ओळ पण राखेचीच लागेल.

मुकादम : आता बोला.

ताई : कधी साफ होईल?

धाकटा : मला काय माहीत? मी काय रोज राख पितो? मागच्या खेपेला शेजाऱ्यांची चाखली होती तेव्हा सकाळ गेली होती.

ताई : दूध पी. पाव खा. कोरडा पाव, लोणी नको. खुळखुळून चुळा भर. मावशी, तुमच्यात कोणी—

मुकादम : माझ्याकडे बघू नका. मी चाळीस वर्षं सिगारेट ओढतेय, मला गुलाबसुद्धा राखेचा लागतो. आणि टोळीतल्यांना विचारलंत तर ज्याला घरी जायचंय तो राख म्हणेल, आणि ज्याला काम हवंय तो साखर म्हणेल.

धाकटा : माझ्यासारखंच.

ताई : मी तसं म्हटलं नाही.

धाकटा : तू सकाळपासून तेवढंच म्हणतेयस.

मुकादम : ऐका. ट्रॅक्टर आला. हॉर्न मारतोय.

ताई : मावशी, टोळी जाणार नाही. अगदी वरच्या बांधापासून लागा, खाली उतरत या. प्रत्येक ओळीचे क्रेट वेगळे, वर खडूनं ओळीचा नंबर. एकात एक मिसळायचं नाही. सगळे सावलीत लावायचे. कसेही नाही, ओळीनं.

मुकादम : खडू? माणसं तोडतील की लिहितील? दुप्पट वेळ लागेल.

ताई : लागू दे.

मुकादम : आणि टाकीत जाणार नसतील तर तोडून काय फायदा?

ताई : त्याचं तोंड साफ झालं की तो वरून खाली चाखत येईल. वरून, म्हणजे स्वच्छाकडून. पहिली राख लागली की तिथे थांबायचं, त्याच्या खालचं सगळं सोडून द्यायचं. एकच फेरी मिळणार. राख एकदा लागली की तो दिवसभरासाठी गेला.

धाकटा : आणि क्रेट दुपारपर्यंत टिकायला हवेत. ऊन चढलं की आपोआप आंबायला लागतील.

ताई : दुपारच्या आत टाकीत जायला हवेत.

मुकादम : आणि दादा चुकले तर?

ताई : एक राखेची ओळ पुरते. सगळी टाकी जाईल.

मुकादम : मी जाऊन त्या ट्रॅक्टरवाल्याच्या शिव्या खाऊन येते. तुम्ही पाव शोधा.

धाकटा : ताई, एक गोष्ट. मी ज्या ओळीला राख म्हणेन ती तू सोडशील?

ताई : सोडेन.

धाकटा : वरून तिसऱ्याच ओळीला म्हटलं तरी?

ताई : … दूध पी आधी.

(साडेदहा. वरच्या बांधाखाली झाडांच्या सावलीत क्रेटची रांग. शेजारी ट्रॉलीवर चढवलेली टाकी.)

मुकादम : ही पाचवी ओळ. घ्या दादा.

धाकटा : गप्प राहा जरा. … … स्वच्छ.

ताई : नक्की?

धाकटा : दर ओळीला नक्की विचारणार आहेस का?

ताई : नाही विचारत. ओता.

मुकादम : ही पुढची. इथे वेल भिंतीकडे वळतात, इथले मणी जरा मोठे आहेत.

ताई : तिथून माती सुरू होते, म्हणून. चघळ, घाई करू नकोस.

धाकटा : … तू माझ्या तोंडाकडे टक लावून बघणं बंद कर. बाबा दाढ काढायला घेऊन गेले होते तेव्हा असंच बघत होतीस.

ताई : तेव्हा तू रडला होतास.

धाकटा : … स्वच्छ. आणि मी रडलो नव्हतो, तू रडली होतीस.

मुकादम : ओतलं. ताई, टाकीत डोकावता का? टाकीभोवतीच्या थंड पाण्याच्या पट्ट्याला अजून हातभर कमी आहे.

धाकटा : पट्ट्यापर्यंत आलं नाही तर?

ताई : तर टाकी गार ठेवता येणार नाही. शाई पेटल्यासारखी आंबते, दोन दिवसांत सगळा वास उडून जाईल आणि उरेल ती उकडलेली. पट्ट्यापर्यंत यायलाच हवं.

मुकादम : भिंतीच्या वर अजून तीन ओळी उरल्यात.

धाकटा : आण. … … हिच्यात काही नाही. स्वच्छ.

मुकादम : उरल्या दोन.

धाकटा : … … स्वच्छ. हिची साल बरी जाड आहे. दात आवळले.

ताई : आवळायलाच हवेत. मावशी, ओता. किती राहिलं?

मुकादम : चार बोटं. फार तर पाच. शेवटची ओळ पुरेल. ही भिंतीला चिकटून आहे बघा, घडांवर दगडाची धूळ पण आहे.

ताई : धुळीचं काही नाही. चघळ.

धाकटा : …

ताई : काय?

धाकटा : थांब.

ताई : राख?

धाकटा : राख असती तर सांगितलं असतं.

ताई : मग स्वच्छ.

धाकटा : स्वच्छ असती तरी सांगितलं असतं. काहीतरी आहे. दगडासारखं. थंड. राख म्हणावी एवढं नाही. दुसरा मणी दे. दुसऱ्या घडाचा.

मुकादम : हा घ्या.

धाकटा : … … … यात नाही. किंवा असेल तर मला धरता येत नाही. सकाळचंच मागे राहिलंय का, तेही कळत नाही. ताई, मी खरं सांगतोय. ही मला सांगता येत नाही.

मुकादम : हातात क्रेट आहे माझ्या. ओतू की खाली ठेवू? ऊन इथपर्यंत आलं.

ताई : खालच्या दुसऱ्या कुठल्या तुकड्यातलं घालून टाकी भरता येईल?

धाकटा : दुसरं काही वेलीवर उरलंय कुठे? ही सगळ्यात शेवटची.

ताई : बारक्या, टाकी तुझी असती तर काय केलं असतंस?

धाकटा : मला नको विचारू. मी कलमं सांगून ठेवलीयत. रोपवाटिकेत. तुला सांगणार होतो.

ताई : मला माहीत आहे. रोपवाटिकेतून फोन आला होता, कुठली कुठली हवीत विचारायला. मीच उचलला.

धाकटा : कधी?

ताई : आगीच्या आधी.

धाकटा : आणि तरी सकाळपासून माझ्या जिभेवर टाकी भरतेयस?

ताई : दुसरी जीभ नाहीये माझ्याकडे. टाकी तुझी असती तर काय केलं असतंस?

मुकादम : ताई, हात भरून आले.

धाकटा : ओतली असती.

ताई : का?

धाकटा : चार बोटांसाठी वरच्या सगळ्या ओळी उकडून घालवल्या नसत्या. आणि… आणि वरच्या चांगल्या आहेत गं. आज पहिल्यांदा नीट चघळल्या. मी त्यांच्याकडे फक्त पानं आणि काड्या म्हणून बघत होतो.

ताई : मावशी, ओता.

मुकादम : सगळी ओळ?

ताई : सगळी.

मुकादम : … … आलं पट्ट्याला. बोटभर वरच.

ताई : पाणी सुरू करा. आणि माणसांना सांगा, भिंतीखाली कोणी उतरायचं नाही. खालचं सोडून द्यायचं.

मुकादम : सगळं? खाली निम्मा तुकडा आहे, ताई. घड लोंबतायत नुसते.

ताई : सगळं. पाखरांना राख लागत नसेल.

मुकादम : बरं. शुक्रवारी काय तो रिपोर्ट आला की मला कळवा. माझी माणसं विचारतील.

ताई : कळवते. वरच्या ओळींचा नमुना आज जाईल, म्हणजे तो आणखी पुढच्या आठवड्यात.

धाकटा : कलमांचं मी आजच थांबवायला सांगतो.

ताई : नको. रिपोर्ट येऊ दे. राख निघाली तर हिवाळ्यात लागतील.

धाकटा : … तू चाखणार नाहीस? टाकीतलं?

ताई : मला काय कळणार?

धाकटा : राखेचं सोड. बाकीचं.

ताई : दे. …

धाकटा : मी बघत नाहीये तुझ्या तोंडाकडे.

ताई : बिया तपकिरी झाल्यात. करकर वाजतात. आंबट आहे ते खिंडीतल्या वाऱ्याचं, पिकलं तरी सोडलेलं नाही. साल तर…

धाकटा : काय?

ताई : बाकीचं चांगलं आलंय, बारक्या.